आवडाबाईचा बॉक्सर आणि बंदरावरचा काटा

आवडाबाईला बॉक्सिंगचा नाद लागला आणि सगळ्यात आधी रोडावला तो तिचा नवरा दामाजी. ठाण्याच्या कोळीवाड्यात ही गोष्ट कुणापासून लपलेली नव्हती. पूर्वी त्याच्या ताटात बांगड्याचा मधला तुकडा यायचा, पुढेपुढे शेपटी यायला लागली, आणि शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात तर नुसता रस्सा. मधले तुकडे डब्यात बसून रुळांपलीकडच्या शाळेमागे, पत्र्याच्या शेडमध्ये जायचे. तिथे शिवराम नावाचा एक बॉक्सर ते खायचा.

आता कोळणीचा आणि बॉक्सिंगचा संबंध काय, असं कुणीही विचारेल. संबंध बाबुरावांनी आणला. बाबुराव म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले, शेडमध्ये पोरांना बॉक्सिंग शिकवणारे, आणि आवडाबाईचं जुनं गिऱ्हाईक. सुरमईचे कल्ले असे उघडून बघायचे, जणू तिला ताप आहे. एकदा त्यांनी मासळी शेडवर पोचवायला सांगितली. आवडाबाईने दारात पाटी उतरवली, पदराने मान पुसली आणि आत पाहिलं, तर एक लांबडा पोरगा दोरीला पाठ लावून मार खात होता.

आवडाबाईने आयुष्यात भांडणं पुष्कळ पाहिली होती, त्यातली निम्मी तिनेच सुरू केलेली. पण एवढा मार खाऊन एकही शिवी न देणारा माणूस तिने कधी पाहिला नव्हता. हे काही तिला बघवेना.

"अरं ए दांडक्या!" ती दारातून ओरडली. "तो मारतंय नि तू बगत काय ऱ्हायलास? त्याची बगल उघरी हाय, घाल तितं!"

हा आवाज भर बाजारात तीन गल्ल्या पलीकडे जायचा. पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं काय झालं असेल ते समजून घ्या. शिवरामने दचकून हात फेकला, तो नेमका बगलेखाली लागला आणि समोरचा पोरगा मट्‌कन खाली बसला. बाबुरावांनी शिट्टी तोंडातून काढली आणि म्हणाले, "बाई, उद्यापासून रोज मासळी इथेच आणत जा."

शिवराम राहायचा कळव्याच्या एका चाळीत, आई शालनबरोबर. वागळे इस्टेटमध्ये लेथवर कामाला. स्वभावाने इतका भिडस्त, की हरला तर समोरच्याचा हात स्वतःच वर करायचा, रेफ्रीला तेवढंच काम कमी. सहा वर्षं तो अशी कामं कमी करत आलेला. आणि अशा माणसाला त्या वर्षी मिडलवेटच्या पट्ट्यासाठी आव्हान द्यायची संधी मिळाली.

पट्टा होता कल्याणच्या एका मंडळाचा. वर्षातून एकदा लढत. पट्टा चार वर्षं भिवंडीच्या हरिहरच्या कमरेला. हरिहरचा उजवा हात लागला की माणूस आधी बसतो आणि मग कुठे बसलो त्याची चौकशी करतो, अशी त्याची ख्याती. आव्हान द्यायला शिवरामच्या पुढे दोघे होते. त्यातल्या एकाला कावीळ झाली आणि दुसऱ्याचं लग्न झालं. उरला शिवराम. त्याचीही ही पहिली आणि शेवटचीच वेळ, कारण पुढच्या महिन्यापासून कारखान्यात त्याला कायमची रात्रपाळी लागणार होती. मग संध्याकाळचा सराव कुठला नि बॉक्सिंग कुठलं.

ही बातमी आवडाबाईने कोळीवाड्यात आणली, आणि कोळीवाडा कामातून गेला.

ज्यांनी जन्मात ग्लोव्हज पाहिले नव्हते ते जाळी विणता विणता हरिहर डाव्या अंगावर पडेल की उजव्या, यावर भांडायला लागले. एकाने लेफ्ट हूक दाखवायच्या भरात बोंबील वाळत घातलेली अख्खी वलांडी पाडली आणि बायकोकडून त्याहून चांगला हूक खाल्ला. कल्याणला जायला टेम्पो ठरला. टेम्पोत पुढे कोण बसणार यावरून दोन सख्ख्या जावा बोलेनाशा झाल्या. कळवा म्हणजे खाडीपलीकडचं गाव, शिवराम कोळी नाही, चाळीतला जयभीमवाला पोरगा. पण "आपला शिवराम" म्हणताना कुणाची जीभ अडखळत नव्हती. हरायची एवढी खात्री असलेला माणूस आपलाच वाटतो.

आवडाबाईच्या मते त्याच्यात खोट एकच होती. अंगावर मांस नव्हतं. "ठोसा काय नुसत्या हाडांचा मारनार?" ती म्हणायची. ती रोज संध्याकाळी डबा घेऊन शेडवर जायची, शिवरामसमोर फतकल मारून बसायची आणि डबा रिकामा होईपर्यंत हलायची नाही. तिचं बघून शेजारणी सुरू झाल्या. कुणी कोलंबीचं कालवण, कुणी निवट्या, कुणी चिंबोरीचे नुसते आंगडे, म्हणजे नांग्या, फोडून वगैरे. हरिहर जिंकला तरी चालेल, पण शेजारणीचा डबा रिकामा झाला आणि आपला भरलेला परत आला तर नाही चालणार, अशी गंमत.

बाबुरावांना तेवढी एक काळजी होती. "बाई, मिडलवेट म्हणजे पंचाहत्तर किलो. त्याच्यावर पावशेर गेला तर रिंगणात पाऊल ठेवू देत नाहीत. इथे शेडमध्ये काटा नाही."

"काटा नाय?" आवडाबाईला हसू आलं. "आमच्या बंदरावर हाय की! मानूस काय, बैल तोलंल."

बंदरावरचा तो काटा दगडू दलालाचा. होड्यांची मासळी त्याच्यावर चढायची, दगडू आकडा ओरडायचा आणि त्या आकड्याप्रमाणे पैसे. हा काटा कमी दाखवतो हे कोळीवाड्यातल्या देवळाच्या घंटेलाही माहीत होतं. आवडाबाईचं आणि दगडूचं त्याच्यावरून वीस वर्षं भांडण. तिने त्या काट्याला, काटा बनवणाऱ्याला आणि दगडूच्या सात पिढ्यांना काय काय म्हटलं ते इथे छापण्यासारखं नाही. दगडूचं एकच उत्तर असायचं: "काटा बरोबर हाय बाय, तुजी मासली हलकी."

तर त्याच काट्यावर, दर रविवारी सकाळी, याच आवडाबाईने शिवरामला उभं केलं. निम्मा कोळीवाडा भोवती. दगडू स्वतः रुमालाने काट्याची फळी पुसायचा, कारण तोही शिवरामचाच माणूस झालेला. "बहात्तर!" दगडू ओरडायचा. बायका म्हणायच्या, अगं बाई, एवढं खाऊन बहात्तरच? आणि त्या आठवड्यात डबे वाढायचे. पुढच्या रविवारी "त्र्याहत्तर!" मग "साडेत्र्याहत्तर!" लढतीच्या आदल्या रविवारी बरोबर चौऱ्याहत्तर. टाळ्या पडल्या. बाबुरावांनी समाधानाने मान हलवली. ते बिचारे कोळीवाड्याचे नव्हते, त्यांना काय माहीत. पण बाकीच्यांच्या डोक्यात का आलं नाही? सोपं आहे. आकडा मनासारखा होता. मनासारखा आकडा दाखवणाऱ्या काट्याशी कोण भांडतंय?

लढतीच्या दिवशी सकाळी कल्याणच्या हॉलवर वजनं होती. आवडाबाई आणि दामाजी टेम्पोची वाट न बघता शिवरामबरोबर सकाळीच गेले. शालनही आलेली, हातात डबा. हरिहर काट्यावर चढला, चौऱ्याहत्तर भरला, उतरून खुर्चीत बसला. मग शिवराम चढला.

पंचाने आकडा बघितला, चष्मा पुसला, परत बघितला. "साडेसत्याहत्तर."

"काय?" बाबुराव म्हणाले.

"साडेसत्याहत्तर. अडीच किलो जास्त. दुपारी दोनला आणखी एकदा बघू. तेव्हा पंचाहत्तरच्या आत आला नाही तर लढत रद्द, पट्टा हरिहरकडे."

शिवराम काट्यावरून उतरायचं विसरला. आवडाबाई मात्र काही विसरली नाही. ती पदर खोचून पंचाच्या टेबलावर गेली. "तुमचा काटा खोटा हाय! रविवारी आमच्या बंदरावर चौऱ्याहत्तर भरलाय पोरगा! चार दिवसांत साडेतीन किलो वाढाया त्यो काय डुकराचा पिल्लू हाय?"

हॉलमध्ये हशा पिकला. तेवढ्यात मागून दामाजी बोलला. हा माणूस वर्षातून चार वाक्यं बोलायचा आणि त्यातली दोन होडीशी. तो हळूच म्हणाला, "आवडे, कनचा काटा खोटा हाय ता तुला म्हाईत नाय काय?"

वीस वर्षांच्या शिव्या एका क्षणात आवडाबाईला आठवल्या असाव्यात. ती जाऊन बाकावर बसली. शेजारी शालन बसलेली.

"ताई, खरं सांगू?" शालन रडवेल्या आवाजात म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही मासे द्याल, पण भाकरी कोण देणार? म्हणून मी रोज त्याला चार भाकऱ्या खायला घालून पाठवायची."

"चार?" आवडाबाई म्हणाली. "मी पन भाकऱ्या द्यायची. मना वाटलं, घरी काय खात नसंल. भिकाऱ्यासारखा दिसायचा."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग दोघींनी मिळून शिवरामकडे बघितलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. सहा वर्षं मार खाऊन मिळालेली एक संध्याकाळ, आणि ती हरिहरने नाही, या दोघींनी खाल्ली होती. म्हणजे त्यालाच खायला लावली होती.

आवडाबाई उठली. "बाबुराव, घाम काढला तर वजन उतरंल ना?"

"उतरेल. पण अडीच किलो..."

"तुमचा रेनकोट द्या. नि कुनाचा स्वेटर असंल तो पन. शिवराम, चल माज्यासंगं."

तिच्या भाचीचा नवरा कल्याणच्या खाडीतच होडी ठेवायचा, दुर्गाडी किल्ल्याच्या खालच्या अंगाला. वैशाखातलं ऊन, वर रेनकोट, आत दोन स्वेटर, डोक्याला मफलर. अशा थाटात शिवराम होडीत बसला. त्याच्या हातात वल्ही. समोर आवडाबाई. भरती नुकती सुरू झालेली, आणि तिने होडीचं तोंड मुद्दाम भरतीच्या उलट करायला लावलं.

"मावशी, मी कधी वल्हं मारलेलं नाही."

"तुला बॉक्सिंग तरी कवा येतंय? मार."

काठावरचे रेतीवाले टोपल्या खाली ठेवून बघायला लागले. होडी एक हात पुढे जायची, अर्धा हात मागे. शिवरामच्या नाकावरून घाम गळायला लागला.

"मावशी, तुम्ही तरी उतरा ना. होडी हलकी होईल."

"उतरतं कशाला? मी बसलंय म्हनून तर तुजं वजन उतरतंय. हान!"

जरा वेळाने तो धापा टाकत म्हणाला, "एक सांगू? रागवू नका."

"बोल."

"मी रोज जेवूनच आलेलो असायचो."

आवडाबाई भडकली. "मंग खाल्लंस कशाला रं मुडद्या? तोंड नव्हतं नाय म्हनाया?"

"तुम्ही समोर बसायच्या. उठायच्याच नाही."

आवडाबाई मान वळवून पाण्याकडे बघायला लागली. भांडण असं अर्ध्यावर सोडायची तिची सवय नव्हती, म्हणून शिवराम घाबरला आणि जोरात वल्हं मारायला लागला. तशीच पाण्याकडे बघत ती म्हणाली, "माजी चूक झाली पोरा." मग लगेच, "पन वल्हं पान्यात घाल, हवेत काय फिरवतंस! वारा घालतंस काय मना?"

दोन वाजता हॉलवर परत. रेनकोट काढला तर आतून खाडी वाहिली. शिवराम चड्डीवर काट्यावर चढला. पंच वाकला. "पंचाहत्तर... आणि वर शंभर ग्रॅम."

"शंभरच ना साहेब," बाबुराव हात जोडून म्हणाले, "जाऊ द्या की."

"माझ्या हातात नाही. माझा चहा होईपर्यंत थांबतो, तेवढ्यात काय ते करा."

घाम संपला होता. दाढी सकाळीच केलेली. केस आधीच बारीक. बाबुराव म्हणाले, "थुंक. आमच्या वेळी बॉक्सर थुंकून वजन उतरवायचे." त्यांनी पोरासमोर डालड्याचा रिकामा डबा धरला. शिवरामने प्रयत्न केला. तोंड सुकून खडखडीत. थुंकीऐवजी नुसता आवाज आला.

आवडाबाई बघत होती. मग तिने जे आयुष्यभर केलं तेच केलं. फतकल मारून त्याच्यासमोर बसली.

"शिवराम, डोलं मीट. ऐक. खारीची कोलंबी हाय, जिती, टपोरी. सोललीय. लसून ठेचून त्यालात टाकलाय. आमचा मसाला, घरचा. वास येतंय? आता कैरी. कच्ची, आंबट, फोडी करून. रस्सा खदखदतंय..."

शिवरामचा गळा हलला. डब्यात टप्‌कन आवाज आला.

"ताजं बोंबील. रवा लावून तव्यावर. बाजूनं कुरकुरीत, आत लोनी. वर लिंबू पिलतंय मी, बग..."

टप्‌, टप्‌. शालनही पुढे सरकली, "आणि सुकटाची चटणी रे, कांदा घालून, गरम भाकरीवर..."

डबा वाजत राहिला. पंचाचा चहा हातात तसाच. पलीकडे खुर्चीत हरिहर बसलेला; त्याच्या उस्तादाने त्याला लढतीपर्यंत दहीभातावर ठेवलं होतं. तो शेवटी काकुळतीला येऊन म्हणाला, "मावशी, जरा हळू बोला ना. आम्ही पण माणसं आहोत."

"तू गप," आवडाबाई म्हणाली. "तुला उद्या देतं. आता ऐक शिवराम, चिंबोरी!"

चिंबोरीवर काम झालं. पंचाने काट्याकडे बघितलं, पुन्हा वाकून बघितलं. "पंचाहत्तर. बरोबर." आणि त्याने स्वतःचा गळा साफ केला.

संध्याकाळी टेम्पो आला. कोळीवाडा उतरला तो डब्यांसकट. आता वजन झालेलं, आता खायला हरकत नाही, असं म्हणत सगळ्या बायका हॉलमागच्या शिवरामच्या खोलीकडे निघाल्या. दारात आवडाबाई उभी. "माशाचा एक काटा जरी आत गेला ना, तर जिला तिला खारीत बुडवीन." दगडू दलालही नवा सदरा घालून आलेला. तो प्रेमाने म्हणाला, "काय आवडाबाय, सांगितलं व्हतं ना, आपल्या काट्यावर बरोबर भरला पोरगा!" आवडाबाईने त्याच्याकडे असं बघितलं की तो थेट मागच्या रांगेत जाऊन बसला.

लढत तीन राउंडची. शिवराम हरला. गुणांवर हरला, आणि तेही थोडक्यात. कोळीवाड्यात विचाराल तर हरलाच नाही. पहिल्या राउंडला हरिहरचा उजवा हात त्याच्या डोळ्यावर बसला, सगळा हॉल म्हणाला आता हा बसणार. तो बसला नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्यात आवडाबाईचा आवाज आला, "बगल उघरी हाय!" आणि त्याने घातला. हरिहर दोन पावलं मागे गेला, दोरीला धरून उभा राहिला. चार वर्षांत पहिल्यांदा. शेवटची घंटा झाली तेव्हा दोघेही पायांवर होते. निकाल लागल्यावर सवयीने शिवराम हरिहरचा हात वर करायला गेला, तर हरिहरनेच त्याचा हात वर केला. पट्टा भिवंडीला गेला. परतीच्या टेम्पोत सगळे डबे उघडले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर होड्या लागल्या. दगडू काट्यापाशी उभा. पहिली पाटी चढणार, एवढ्यात गर्दी बाजूला सारत आवडाबाई आली. मागे शिवराम, एक डोळा मिटलेला, जांभळा, कोलंबीएवढा फुगलेला.

"पाटी उतरवा," ती म्हणाली. "आज आदी पोरगा तोलायचा. चढ रं."

शिवराम चढला. दगडू हसत काट्याकडे बघायला गेला आणि त्याचं हसू तिथेच थांबलं.

"ओरड की," आवडाबाई म्हणाली. "रोज ओरडतंस."

"...बहात्तर."

"काल दुपारी कल्यानला पंचाहत्तर भरला ह्यो, पंचाच्या काट्यावर, शंबर मानसांसमोर. वर रात्री टेम्पोत काय काय खाल्लान ता सगल्यांनी बगलंय. मंग तीन किलो पोरगा कुटं गेला दगडू? तू खाल्लास?"

दगडू कपाळ पुसत म्हणाला, "आवडाबाय, हवेनं काटा जरा हलतो..."

"पोरगा हलला काय? हरिहरसमोर तीन राउंड नाय हलला, तुज्या फलीवर हलंल?"

मग जो गलका झाला त्यात दगडूच्या सात पिढ्या परत एकदा निघाल्या, पण या वेळी आवडाबाई एकटी नव्हती. दामाजी पुढे झाला, काट्याला हात लावून वर्षातलं तिसरं वाक्य बोलला, "ह्यो बदलला नाय तर मासली चढनार नाय." एकही पाटी चढली नाही. दुपारपर्यंत मासळी बर्फात आणि दगडू ठाण्याच्या बाजारात, नवा काटा शोधत. तो काटा आला तेव्हा त्याच्यावर पहिल्यांदा पुन्हा शिवरामलाच चढवलं. भरला बरोबर.

"उतर आता," आवडाबाई म्हणाली आणि पिशवीतून डबा काढला.

"मावशी, मी जेवून आलेलो."

आवडाबाईने डब्याचं झाकण काढलं, बर्फाची एक रिकामी पेटी ओढली आणि त्याच्यासमोर बसली.